पराभूत संघाचा पाठीराखा : करुण की विप्रलंभ?

१

फुटबॉलचा एखादा जुना संघ गुणतक्त्याच्या तळाशी रुतून खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या बेतात आला, की त्याच्या पाठीराख्यांच्या मनःस्थितीसाठी इंग्रजी लेखनात 'ट्रॅजेडी' हा शब्द सर्रास योजला जातो. मराठीत त्याचे भाषांतर 'शोकांतिका' असे होते. आणि शोक म्हटला की करुणरस, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात आपोआप जुळते. हे समीकरण कितपत खरे आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकाचा वैताग हा विषय घेऊन गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ज्या कृती निर्माण झाल्या, त्यांचे मूल्यमापन या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. ज्या भावाचे नावच चुकले, त्याचे चित्रण साधले की फसले हे ठरविता येत नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी तीन कृती निवडल्या आहेत. पहिली, ॲलन सिलिटो यांची 'द मॅच' ही कथा. ती १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर' या संग्रहात आहे. दुसरी, टिम पार्क्स यांचे 'अ सीझन विथ व्हेरोना' हे २००२ सालचे पुस्तक. तिसरी, २०१८ ते २०२४ या काळात नेटफ्लिक्सवर तीन मालिकांत प्रदर्शित झालेला 'संडरलंड टिल आय डाय' हा माहितीपट. निक हॉर्नबी यांचे 'फीव्हर पिच' (१९९२) हे या विषयावरील सर्वाधिक परिचित पुस्तक. पण त्याचा केंद्रविषय असलेला आर्सेनल हा संघ १९१९ पासून कधीच वरच्या श्रेणीतून खाली आलेला नाही. त्या पुस्तकातील निराशा कितीही खरी असली, तरी तिच्यावर अवनतीची छाया नाही. म्हणून ते येथे बाजूस ठेवणे युक्त होय.

२

प्रथम त्या घटनेचे स्वरूप पाहिले पाहिजे. इंग्लंडमधील फुटबॉल लीग १८८८ साली बारा संघांनिशी सुरू झाली. पुढे दुसरी श्रेणी निर्माण झाल्यावर वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील अग्रभागीचे संघ यांच्यात कसोटी सामने खेळवून स्थाने ठरविण्याची पद्धत काही वर्षे चालली. १८९८ साली स्टोक आणि बर्नली यांच्या सामन्यात बरोबरी झाल्यास दोन्ही संघांचे साधणार होते. तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि संगनमताचा संशय इतका बळावला, की ही पद्धतच रद्द होऊन गुणतक्त्यानुसार आपोआप चढण्या-उतरण्याचा नियम आला. म्हणजे अवनतीचा नियम जन्मला तोच मुळी प्रेक्षकाची फसवणूक होऊ नये या गरजेतून. आज इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत वीस संघ असतात व त्यांतील तळाचे तीन दरवर्षी खाली जातात. दुसऱ्या श्रेणीत चोवीस संघ असतात व तेथूनही तीन खाली जातात.

या नियमाचा वाङ्मयीन परिणाम असा, की येथे शेवट कधीच शेवट नसतो. मे महिन्यात संघ पडतो आणि ऑगस्टमध्ये नवा मोसम उजाडतो. पडलेला संघ मरत नाही. त्याचे नाव, त्याचे रंग, त्याचे मैदान सर्व तसेच राहते, फक्त त्याच्या भेटीस येणारे प्रतिस्पर्धी बदलतात. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेसाठी आदि, मध्य आणि अंत असलेली पूर्ण क्रिया मागितली. अवनतीच्या कथेत अंत उसना आणावा लागतो. तो आणण्याचा मोह आवरला की नाही, ही या कृतींची पहिली परीक्षा होय.

३

दुसरी परीक्षा प्रेक्षकाच्या स्थानाविषयी आहे. मैदानावरच्या पाठीराख्याला जे दुःख होते ते लौकिक दुःख आहे. त्याला रस म्हणता येणार नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील निदान दोन या माणसाच्या ठिकाणी पूर्णत्वाने नांदतात. भाव हा आपलाच किंवा अमक्या परक्याचाच आहे अशा नियमाने स्थळकाळाच्या विशेषांत अडकून पडणे हे एक विघ्न. आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन जाणे हे दुसरे. पाठीराखा या दोन्ही विघ्नांनाच भूषण मानतो. साधारणीकरण झाले तर त्याचे पाठीराखेपण संपते. 'संघ हरला' या बातमीचे 'मनुष्यमात्राच्या वाट्याला पराभव येतो' असे रूपांतर जो करू शकतो, तो शनिवारी पावसात मैदानावर जात नाही.

मराठी समीक्षेत या प्रश्नाची एक जवळची बाजू न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात मांडलेल्या 'सविकल्प समाधी'च्या उपपत्तीत सापडते. स्वतःचे भान न सोडता परक्याच्या भूमिकेशी समरस होणे हा वाङ्मयानंदाचा पाया, असे तिचे सार आहे. पाठीराख्याची समाधी लागते. परंतु 'खेळणारे ते आणि पाहणारा मी' हा विकल्प नेमका मोक्याच्या क्षणी गळून पडतो. पेनल्टी हुकली की बाकावर बसलेल्याचाच पाय झटका देतो. म्हणून त्याच्याविषयी लिहिणाऱ्याने किंवा चित्रपट करणाऱ्याने हा गळलेला विकल्प पुन्हा आणून देणे आवश्यक ठरते. पाठीराख्याचा वैताग जसाच्या तसा उतरविला तर ती तक्रार होते; दुरून, हसत उतरविला तर ती टवाळी होते. या दोहोंमधील जागा फार अरुंद आहे.

४

आता मुख्य प्रश्न. या भावाचे नाव काय? भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांमधील भेद एका मार्मिक निकषावर केला आहे. दोहोंतही चिंता, ग्लानी, निर्वेद असे अनेक संचारी भाव समान असतात. पण करुण हा निरपेक्ष असतो आणि विप्रलंभ सापेक्ष. जेथे पुनर्भेटीची आशाच उरलेली नाही तेथे शोक. जेथे आशा आहे तेथे कितीही अश्रू आले तरी मूळचा स्थायी रतीचाच राहतो. हा निकष लावला, की अवनतीच्या छायेतील पाठीराख्याची गणना करुणात करता येत नाही. त्याच्या ठिकाणी औत्सुक्य आहे, चिंता आहे, असूया आहे, अमर्ष आहे. आणि या सर्वांखाली 'पुढच्या शनिवारी' हे दोन शब्द आहेत. त्याचा भाव विप्रलंभाच्या घाटाचा आहे.

विश्वनाथाने विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद केले. त्यांतील चौथा, करुणविप्रलंभ, येथे विशेष उपयोगी पडतो. प्रेमिकांपैकी एक मृत झाला आहे, परंतु त्याच्या पुनःप्राप्तीचे आश्वासन मिळाले आहे, अशी ही अवस्था. कादंबरीतील महाश्वेता पुंडरीकाच्या मृत्यूनंतर ज्या आश्वासनावर अच्छोद सरोवराकाठी व्रतस्थ राहते, ते तिचे प्रसिद्ध उदाहरण. संघ प्रत्यक्ष पडल्यानंतरची पाठीराख्याची स्थिती हीच. पडण्यापूर्वीचा वैताग मात्र 'मान' या भेदात बसतो. प्रिय व्यक्तीच्या अपराधामुळे आलेला रुसवा, टोचून बोलणे, तोंड फिरविणे हे त्याचे अनुभाव. आपल्याच संघाची हुर्यो उडविणारा, सामना संपण्यापूर्वी दहा मिनिटे उठून जाणारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बाकावर येऊन बसणारा माणूस म्हणजे अष्टनायिकांमधील कलहांतरिताच होय. मराठीतील 'वैताग' या शब्दातही संसाराचा वीट येऊन निघून जाण्याची जुनी छटा आहे. पाठीराख्याचा वैताग जाण्याची भाषा बोलतो आणि जात नाही. त्याचे सारे मर्म या विसंगतीत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. क्लबविषयीच्या प्रेमाला रती म्हणणे हा शब्दच्छल नव्हे काय? शास्त्रदृष्ट्या आक्षेप योग्य आहे. मम्मटाने देवादिविषयक रतीला रस न म्हणता 'भाव' म्हटले, आणि त्या नियमाने क्लबविषयक रती फार तर भावाच्या पदवीस पोचेल. परंतु मराठी संतकाव्याने हा नियम व्यवहारात केव्हाच ओलांडला आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांत विठ्ठलाशी जे भांडण चालते, त्यातील कठोर शब्द हे दुराव्याचे लक्षण आहे असे कोणी मानीत नाही; जवळीक असल्याखेरीज तशी भाषा निघतच नाही हे वाचक जाणतो. त्या काव्याची उंची आणि मैदानावरच्या आरोळ्या यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. भावाच्या घडणीतील साम्य दाखविणे इतकाच हेतू आहे.

५

या निकषांवर सिलिटो यांची कथा तपासता तिचे वेगळेपण ठसठशीत दिसते. नॉटिंगहॅममधील नॉट्स काउंटी हा १८६२ साली स्थापन झालेला, लीगच्या मूळ बारा संघांपैकी एक संघ. १९५८ साली तो दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत आणि लगेच १९५९ साली चौथीत घसरला. सिलिटो मूळचे नॉटिंगहॅमचेच; त्यांच्या या कथेचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कथेत घडते ते असे. काउंटी आपल्या मैदानावर ब्रिस्टल सिटीकडून हरतो. लेनॉक्स नावाचा चाळिशीतला मेकॅनिक धुक्यातून आणि आपल्या मंदावत चाललेल्या दृष्टीतून तो सामना पाहतो. बरोबर शेजारी राहणारा तरुण फ्रेड आहे. त्याचे लग्न नुकते झाले आहे. लेनॉक्स घरी येतो, पुढ्यात आलेल्या खाण्यावरून कुरापत काढतो, शब्दाने शब्द वाढत मारहाणीपर्यंत जातो, आणि बायको मुलांना घेऊन कायमची निघून जाते. भिंतीपलीकडे फ्रेड आणि त्याची बायको हे ऐकत असतात.

कथेची रचना इतकी सरळ आहे, की पराभव हे कारण आणि संसाराचा नाश हे कार्य असा तिचा अर्थ लावण्याचा मोह होतो. तसा अर्थ लावला तर कथा अतिशयोक्तीची ठरेल. सिलिटो यांनी ते टाळण्यासाठी दृष्टीच्या मंदपणाची योजना केली आहे. लेनॉक्सला चेंडू दिसेनासा झाला आहे. म्हणजे जो पराभव तो पाहतो आहे त्यात संघाचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या ओसरत्या वयाचा किती, हे त्यालाच उमगत नाही. संघावरचा मान घरावर उलटतो तो या गोंधळातून. संघ पुढच्या आठवड्यात जिंकू शकेल, ही सापेक्षता मैदानावर शाबूत आहे. घरात मात्र निरपेक्षता आली आहे. तेथे पुनर्भेट नाही. एकाच संध्याकाळी विप्रलंभाचा विषय सुरक्षित राहतो आणि ज्यावर तो राग निघाला ते घर करुणात जाते, ही या कथेची खरी भेदकता होय.

आणि येथेच समीक्षेने सावध राहिले पाहिजे. पाठीराख्याच्या वैतागाला रसव्यवस्थेत जागा करून देताना, त्या वैतागाची किंमत कोण भरतो हा प्रश्न नजरेआड होऊ शकतो. लेनॉक्सची बायको मैदानावर नव्हती. तिने तिकीट काढले नव्हते, आशा बाळगली नव्हती. अनौचित्याने प्रवृत्त झालेला भाव रसाभासात जमा होतो, हा प्राचीनांचा विवेक येथे कामी येतो. सिलिटो यांनी लेनॉक्सविषयी सहानुभूती जागी ठेवली, परंतु त्याला क्षमा केली नाही. ही संयत भूमिका हेच या कथेचे सामर्थ्य आहे.

६

पार्क्स यांचे पुस्तक याच्या दुसऱ्या टोकाला आहे. हा इंग्रज कादंबरीकार १९८१ पासून व्हेरोना येथे स्थायिक झालेला. २०००-०१ च्या मोसमात त्याने हेल्लास व्हेरोना संघाचे सर्व सामने, परगावचे धरून, पाठीराख्यांच्या समवेत पाहिले. पुस्तकाचा आरंभ दक्षिणेतील बारी या शहराकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसप्रवासाने होतो आणि त्या बसमधील शिव्या, विनोद, झोप, कंटाळा यांतून पाठीराख्यांचा समाज हळूहळू आकार घेतो. हा संघ १९८४-८५ साली इटलीचा विजेता ठरला होता. त्या स्मृतीच्या तुलनेत चालू मोसमातील धडपड अधिकच केविलवाणी दिसते.

पार्क्स यांच्यापाशी केळकरांच्या अर्थाने विकल्प आहे. ते परदेशी आहेत, लेखक आहेत, आणि तरीही ओरडणाऱ्यांत ओरडतात. पाठीराख्यांची शिवराळ भाषा हे पुष्कळसे सोंग असते, तिला विधीचे रूप असते, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु याच निरीक्षणाने त्यांना एका ठिकाणी अडचणीत आणले आहे. व्हेरोनाच्या प्रेक्षकांचा कृष्णवर्णीय खेळाडूंविषयीचा वंशद्वेष कुप्रसिद्ध होता. पार्क्स त्याची नोंद प्रामाणिकपणे करतात; वृत्तपत्रांच्या नीतिपाठांतील दांभिकताही अचूक दाखवितात. मात्र सोंग म्हणून केलेल्या अपमानाचा घाव ज्याच्यावर होतो, त्याच्या बाजूने तो अपमान कसा दिसतो, हे पुस्तकात पुरेसे उमटत नाही. सिलिटो यांच्या कथेत घराबाहेर पडणारी बायको डोळ्यांसमोर राहते. पार्क्स यांच्या पुस्तकात अपमानित खेळाडू प्रतिस्पर्धी संघाच्या गणवेशात हरवून जातो. प्रेमातील मान आणि परक्याविषयीचा द्वेष यांची सरमिसळ झाली, की विप्रलंभाचे नाव घेऊन रसाभास पुढे येतो.

पुस्तकाचा शेवट मात्र अभ्यसनीय आहे. मोसमाअखेर व्हेरोना आणि रेज्जिना यांच्यात टिकाव ठरविणारे दोन सामने झाले. पहिला व्हेरोनाने १-० असा जिंकला, दुसरा रेज्जिनाने २-१ असा; परमुलखात केलेल्या गोलच्या आधारे व्हेरोना वाचला. एखाद्या कादंबरीकारालाही न सुचणारा हा शेवट वास्तवाने आयता दिला आणि पुस्तकाला पूर्णता आली. परंतु २००१-०२ च्या मोसमात, म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, व्हेरोना खालच्या श्रेणीत गेला. पुस्तकाच्या पानांतील सुटका एक वर्षही टिकली नाही. याचा दोष लेखकाकडे जात नाही; तथापि अवनतीच्या कथेला दिलेला कोणताही शेवट उसना असतो, या पूर्वोक्त विधानाला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

७

संडरलंडविषयीच्या माहितीपटाला हा उसना शेवट मिळाला नाही, आणि त्यामुळेच तो तिन्ही कृतींत अधिक सखोल झाला. हा संघ सहा वेळा लीगविजेता. १८९० पासून १९५८ पर्यंत सतत वरच्या श्रेणीत खेळलेला. वेअर नदीवरील जहाजबांधणी १९८८ साली बंद पडली, वेअरमाउथची कोळशाची खाण १९९३ साली बंद पडली, आणि त्या खाणीच्याच जागेवर १९९७ साली संघाचे नवे मैदान उभे राहिले. गावातील दोन धंदे नाहीसे झाल्यावर गावाने आपले म्हणावे असे जे उरले, ते हे मैदान. माहितीपटाचे शीर्षकगीत जहाजांच्या गोद्यांविषयी आहे आणि पहिल्याच भागात गिरजाघरात संघासाठी प्रार्थना होते. हे दोन तपशील आरंभीच ठेवून निर्मात्यांनी विभावांची मांडणी नेमकी केली आहे.

निर्मात्यांपैकी काही जण याच संघाचे पाठीराखे होते. २०१७ साली वरच्या श्रेणीतून पडलेला संघ लगेच परत चढेल अशा अपेक्षेने चित्रण सुरू झाले. घडले उलट. १७ डिसेंबर २०१६ नंतर घरच्या मैदानावर लीगमधील पुढचा विजय पाहण्यास १६ डिसेंबर २०१७ उजाडला. २१ एप्रिल २०१८ रोजी बर्टन अल्बियनविरुद्ध संडरलंड सामना संपायला काही मिनिटे उरेपर्यंत एका गोलने पुढे होता; मग बरोबरी झाली, मग पराभव झाला, आणि सलग दुसरी अवनती निश्चित झाली. मोसमाअखेर चोवीस संघांत तो चोविसावा होता.

कॅमेरा या काळात खेळाडूंइतकाच स्वयंपाकघरातील आणि कार्यालयातील कर्मचाऱ्यांजवळ, टॅक्सीचालकाजवळ, घराच्या दिवाणखान्यात बसलेल्या कुटुंबांजवळ राहतो. संघ पडला तर कोणाची नोकरी जाईल, ही चिंता पाठीराख्याच्या चिंतेशेजारी ठेवल्यामुळे वैतागाला वजन येते. वास्तवाच्या या जोडणीने अभिनवगुप्ताने सांगितलेली विघ्ने नाहीशी होत नाहीत. उलट ती स्वतःच आस्वादाचा विषय बनतात. संडरलंडशी कसलाही संबंध नसलेला प्रेक्षक, स्वसुखदुःखाने विवश झालेली माणसे पाहतो आणि त्यांच्या विवशतेचे साधारणीकरण त्याच्या मनात घडते. मैदानावर जे अशक्य होते ते पडद्यावर या मार्गाने शक्य झाले.

पहिल्या मालिकेत संघाचा तत्कालीन मालक पडद्यावर जवळजवळ येतच नाही. या अनुपस्थितीचा परिणाम विलक्षण आहे. सारे गाव ज्याच्याकडे गाऱ्हाणे नेऊ पाहते, ती जागा रिकामी आहे. दुसऱ्या मालिकेत २०१८ साली आलेले नवे चालक भरपूर बोलतात. आशा विकण्याची त्यांची भाषा आणि आशा बाळगणाऱ्यांची भाषा यांतील अंतर, निवेदकाने टिप्पणी न करताही ऐकू येते. पण आशा केवळ विकली गेली असे नाही. २६ डिसेंबर २०१८ रोजी तिसऱ्या श्रेणीतील सामन्यास ४६,०३९ लोक आले. शोक झालेली माणसे इतक्या संख्येने स्मशानात जात नाहीत. त्या मोसमाच्या शेवटी वेम्बलीवरील निर्णायक सामन्यात चार्लटनने अगदी अखेरच्या क्षणी गोल करून संडरलंडला २-१ असे हरविले, तरीही ती माणसे परतली. २०२२ साली संघ दुसऱ्या श्रेणीत चढला आणि २०२५ साली आठ वर्षांनी वरच्या श्रेणीत परतला. महाश्वेतेला दिलेले आश्वासन खरे ठरावे, तसे हे झाले. मात्र २०१८ च्या त्या संध्याकाळी कोणत्याही देववाणीने तसे सांगितले नव्हते.

८

या तिन्ही कृतींत एक भाषिक हालचाल समान आहे आणि ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाहून अधिक स्पष्ट दिसावी. पाठीराखा संघाविषयी बोलताना उत्तमपुरुषी अनेकवचन वापरतो. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' अशी दोन आहेत. 'आपण हरलो' यात खेळणारा, पाहणारा, मालक, गाव सगळे आले. 'आम्ही इतकी वर्षे येतो आहोत' यात ऐकणारा वगळला गेला. वैताग म्हणजे 'आपण' फुटून त्यातून 'आम्ही' आणि 'तुम्ही' निघण्याची क्रिया. ज्या क्षणी पाठीराखा खेळाडूला किंवा चालकाला 'तुम्ही हरलात' म्हणतो, त्या क्षणी त्याने संबंध तोडलेला नसतो. 'आपण' म्हणण्याचा हक्क परत मागितलेला असतो. इंग्रजी संवादांत हे सर्वनाम बदलत नाही, म्हणून तो बदल आवाजाच्या पट्टीतून ऐकावा लागतो. माहितीपटात तो आवाज आहे. पार्क्स यांच्या गद्यात त्याचे वर्णन आहे. सिलिटो यांच्या कथेत तो आवाज चुकीच्या घरात, चुकीच्या माणसावर फुटतो.

येथे सर्वांत गंभीर आक्षेपाला सामोरे जावे लागते. विश्वनाथाने रती एकाच बाजूची असेल, दोघांच्या ठिकाणी नसेल, तर तिला शृंगाराभास म्हटले आहे. क्लब पाठीराख्यावर प्रेम करतो काय? मालक विकत घेतो आणि विकून जातो. खेळाडू कराराप्रमाणे येतो आणि अधिक चांगल्या करारासाठी जातो. मग हा सारा विप्रलंभ एकतर्फी, म्हणजेच आभास ठरणार नाही काय? क्लब म्हणजे मालक आणि खेळाडू, असे धरले तर आक्षेपाला उत्तर नाही. परंतु पाठीराख्याचा संपूर्ण वैताग याच गृहीताविरुद्ध आहे. मालक बदलले, खेळाडू बदलले, १९९७ साली मैदानही बदलले. तरी ज्याला संडरलंड म्हणतात ते चालू राहिले, ते कोणामुळे? एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेल्या बाकामुळे. प्रेमाचा विषय आणि प्रेमाचा आश्रय येथे एकच समाज आहे. म्हणून त्याचा रुसवा हा परक्यावरचा रुसवा नसून, आपल्याच वस्तूवर आपला अधिकार चालत नाही याचा अमर्ष आहे.

हे केवळ तर्काने मानावे असे नाही. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी वेगळ्या सुपर लीगची घोषणा केली. वीस संघांच्या त्या योजनेत पंधरा संघांना कायमची जागा राहणार होती. त्यांना पडण्याचे भय उरणार नव्हते. इंग्लंडमधील सहा क्लबांच्या पाठीराख्यांनी याचे स्वागत करावयास हवे होते, कारण त्यांच्या वाट्याला येऊ शकणारे मोठे दुःख कायमचे टळत होते. त्यांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि दोन दिवसांत ते सहाही क्लब माघारी फिरले. ज्यांना पडण्याची शक्यता नको आहे असे वाटत होते, त्यांनीच ती शक्यता राखून धरली. केवळ शोकाची मीमांसा या वर्तनाचा उलगडा करू शकत नाही, कारण कोणी शोकाचे कारण जतन करीत नाही. विप्रलंभाची मीमांसा करू शकते. वियोगाची शक्यताच नसलेल्या मीलनाला शृंगारात फारसा अर्थ नाही, हे संस्कृत काव्याने पूर्वीच ओळखले होते.

९

या विवेचनातून तिन्ही कृतींचे तारतम्य असे लागते. पार्क्स यांच्या पुस्तकात पाठीराख्यांच्या समाजाचे ज्ञान सर्वाधिक आहे. परंतु त्या समाजाबाहेरच्या माणसाला झालेल्या इजेचे भान तितके नाही, आणि त्याचा शेवट वास्तवानेच पुढे खोटा पाडला. माहितीपटाने शेवटाविना राहण्याचे धैर्य परिस्थितीमुळे का होईना दाखविले आणि वैतागाच्या मुळाशी असलेली गावाची स्मृती उघड केली. मात्र त्याचा कल पाठीराख्याला निरागस मानण्याकडे आहे. सिलिटो यांची कथा या तिहींत सर्वांत छोटी. तिच्यात क्लबचा इतिहास नाही, गावाची स्मृती फारशी नाही. पण वैताग घेऊन माणूस घरी परततो तेव्हा काय होते, हा जो प्रश्न इतर दोन कृती टाळतात, तो तिने १९५९ सालीच विचारून ठेवला आहे.

क्रीडाविषयक लेखन हे मराठीत अद्याप बहुतांशी वृत्तान्ताच्या आणि गौरवाच्या पातळीवर आहे. त्याची समीक्षा करू पाहणाऱ्यास विजयापेक्षा पराभवाचे वाङ्मय अधिक शिकवील, कारण पराभवात प्रेक्षकाचे आणि संघाचे नाते प्रथमच वादाचा विषय बनते. त्या वादाला शोकाचे नाव दिले की तो शांत झाल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो शांत झालेला नसतो. 'आपण' या शब्दावर कोणाचा अधिकार, हा त्यातील प्रश्न पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला तसाच उभा असतो.